दर उतरला, मग काम कुठे आहे? बेरोजगारीच्या सरकारी आकड्यावर संशय घेण्याआधी

प्रश्न असा आला आहे: २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत बेरोजगारीचा दर १० टक्क्यांवरून निम्म्यावर आला, दर महिन्याला सुधारणा जाहीर होत राहिली, तरी लोक म्हणतच राहिले की हा आकडा रंगवलेला आहे. तो खरंच रंगवलेला होता का? आणि नसेल, तर तक्ता एक सांगतो आणि घरोघरचं चित्र दुसरंच दिसतं, हे कसं?

उत्तर आधी देतो. आकडा बनावट नव्हता. पण लोक विचारत होते, "लोकांना काम मिळायला लागलं का?" आणि हा दर सांगत होता, "जे काम करतायत किंवा शोधतायत, त्यांच्यातले किती जण अजून शोधतायत?" मंदी कोसळते तेव्हा दोन्ही प्रश्नांचं उत्तर साधारण एकच येतं, कारण माणसं कामावरून निघतात आणि लगेच शोधाला लागतात. अर्थव्यवस्था सावरू लागते तेव्हा मात्र दोन्ही उत्तरांची फारकत होते. संशय तेव्हाच का वाढतो, याचं मूळ इथे आहे.

आकडा येतो कुठून

सगळ्यांत पसरलेला गैरसमज म्हणजे बेकारी भत्ता घेणाऱ्यांची मोजदाद करून हा दर काढतात आणि भत्ता संपला की माणसाचं नाव यादीतून कटतं. अमेरिकेत भत्त्याच्या यादीचा या दराशी थेट संबंध नाही. तिथे दरमहा सुमारे ६०,००० कुटुंबांचा नमुना घेतला जातो. मुलाखती सेन्सस ब्युरो घेतं, आकडे ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स (बीएलएस) प्रसिद्ध करतं. महिन्याची १२ तारीख ज्या आठवड्यात येते, तो आठवडा मोजणीचा. एक कुटुंब सलग चार महिने नमुन्यात असतं, मग आठ महिने सुट्टी, मग पुन्हा चार महिने. त्यामुळे लागोपाठच्या दोन महिन्यांत नमुन्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग तोच राहतो आणि महिन्या-महिन्याची तुलना थोडी भरवशाची होते.

"तुम्ही बेरोजगार आहात का?" असं कुणालाही विचारत नाहीत. मागच्या आठवड्यात पैशासाठी काही काम केलंत का, नसेल तर गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत का, शोधण्यासाठी नेमकं काय केलंत, काम मिळालं असतं तर रुजू होऊ शकला असता का, असे साधे प्रश्न असतात. १६ वर्षांवरच्या माणसाला कोणत्या खान्यात टाकायचं ते उत्तरांवरून ठरतं. आठवड्यात एक तास जरी मोबदल्यासाठी काम केलं, किंवा घरच्या धंद्यात १५ तास बिनपगारी राबला, तर तो 'रोजगारात'. काम नाही, पण चार आठवड्यांत शोधलं आणि रुजू व्हायला मोकळा आहे, तर 'बेरोजगार'. इथे शोधणं म्हणजे अर्ज पाठवणं, मालकाला भेटणं, ओळखीच्यांकडे शब्द टाकणं. नुसत्या जाहिराती चाळल्या तर ते शोधणं धरत नाहीत. तात्पुरतं घरी बसवलेल्या आणि परत बोलावणं येण्याची अपेक्षा असलेल्या माणसाला शोधाची अट नाही. उरलेले सगळे 'श्रमशक्तीबाहेर': निवृत्त, विद्यार्थी, घर सांभाळणारे, आजारी, आणि शोधून थकलेलेही.

दर काढताना बेरोजगारांना एकूण प्रौढ लोकसंख्येने भागत नाहीत. रोजगारातले अधिक बेरोजगार, म्हणजे श्रमशक्ती, हा भाजक असतो. पुढचा सगळा गोंधळ या भाजकामुळे होतो.

भत्त्याचा अप्रत्यक्ष परिणाम मात्र असू शकतो, आणि तो नाकारणं चुकीचं ठरेल. अमेरिकेत बहुतेक राज्यांत नियमित भत्ता २६ आठवडे मिळतो. मंदीनंतर काही राज्यांत तो ९९ आठवड्यांपर्यंत वाढवला होता, आणि केंद्र सरकारची जादा भत्त्याची योजना डिसेंबर २०१३ च्या अखेरीस संपली. भत्त्यासाठी शोध चालू ठेवणं ही अट असते. भत्ता गेला की काही जण शोध सोडतात आणि खरोखरच 'बेरोजगार' खान्यातून बाहेर पडतात. पण त्यांचं नाव कुणी कापलेलं नसतं. मुलाखतीत "शोधलं नाही" असं त्यांनी स्वतःच सांगितलेलं असतं.

हजार माणसांचा हिशोब

कागद-पेन्सिल घेऊन एकदा करून बघा. गावात १,००० प्रौढ माणसं. ६०० कामावर, ६० शोधात, ३४० बाहेर. दर म्हणजे ६६० पैकी ६०, अर्थात ९.१ टक्के.

आता शोधणाऱ्या ६० पैकी २० जण थकून थांबले. एकालाही काम लागलेलं नाही. कामावर ६००, शोधात ४०. दर ६४० पैकी ४०, म्हणजे ६.३ टक्के. नवी नोकरी एक नाही आणि दर जवळपास तीन टक्क्यांनी उतरला.

उलट बाजू बघा. मूळच्या ६० पैकी १५ जणांना काम लागलं, बरे दिवस आल्याची चाहूल लागून बाहेरचे ३० जण पुन्हा शोधायला लागले. कामावर ६१५, शोधात ७५. दर ६९० पैकी ७५, म्हणजे १०.९ टक्के. गावाची परिस्थिती सुधारली आणि मथळा येतो, 'बेरोजगारी वाढली'.

म्हणून सावरण्याच्या काळात दर उतरणं ही शुभवार्ता असेलच असं नाही, आणि चढणं ही वाईट बातमी असेलच असंही नाही. नुसत्या दराकडे बघून निष्कर्ष काढणारा मंत्री आणि त्याच दराला खोटं म्हणणारा त्याचा विरोधक, दोघंही एकाच चुकीच्या पायावर उभे असतात.

अमेरिकेत प्रत्यक्षात काय झालं

मंदी अधिकृतरीत्या डिसेंबर २००७ ते जून २००९. दर ५ टक्क्यांवरून ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर गेला. म्हणजे मंदी 'संपल्यावरही' चार महिने तो चढतच होता. डिसेंबर २०१३ मध्ये तो ६.७ होता. पाच टक्क्यांची चढ, त्यातली ३.३ उतरली. दोन-तृतीयांश जखम भरली, असं हा दर सांगतो.

आता भाजकाच्या भानगडीतून सुटका करणारं माप घ्या: २५ ते ५४ वयोगटातल्या दर शंभर माणसांपैकी किती जण कामावर आहेत? हा वयोगट घेण्याचं कारण असं की यात विद्यार्थी आणि निवृत्त फारसे नसतात, त्यामुळे लोकसंख्या म्हातारी होत असल्याचा परिणाम जवळपास निघून जातो. मंदीच्या तोंडावर हे प्रमाण ८० च्या जवळ होतं. नंतर ते ७५ च्या आसपास घसरलं. २०१३ संपताना ते जेमतेम ७६ होतं. म्हणजे या मापाने जखम फार तर एक-चतुर्थांश भरली होती. ८० चा आकडा पुन्हा दिसायला २०१९ उजाडलं.

दोन-तृतीयांश की एक-चतुर्थांश? दोन्ही आकडे त्याच सर्वेक्षणातले, त्याच दिवशी, त्याच विभागाने (बीएलएसने) छापलेले. लोकांना जे दिसत होतं ते दुसऱ्या आकड्यात होतं आणि बातमीत पहिला आकडा येत होता. लपवालपवी झाली नव्हती. मथळ्याला एकच आकडा पुरतो, एवढंच.

यात भर घालणाऱ्या आणखी दोन गोष्टी होत्या. एक, २७ आठवडे किंवा जास्त काळ काम नसलेल्यांचा वाटा. तो २०१० मध्ये एकूण बेरोजगारांच्या ४५ टक्क्यांपर्यंत गेला होता. एवढा काळ बाहेर राहिलेल्या माणसाला मालक सहसा शेवटी बोलावतो, त्यामुळे भरती सुरू झाली तरी ती या लोकांपर्यंत पोचायला वर्षं लागतात. दोन, पूर्णवेळ काम हवं असून अर्धवेळ कामावर भागवणारे. मंदीच्या सुरुवातीला ते सुमारे ४५ लाख होते, नंतर ९० लाखांवर गेले. मथळ्याच्या दरात हे सगळे 'रोजगारात' धरले जातात. एका तासाच्या नियमाची लोक टिंगल करतात, पण खरोखर एकच तास काम करणारे थोडे असतात. अडचण होते ती आठवड्याला वीस-बावीस तासांवर अडकलेल्यांची.

मात्र श्रमशक्तीबाहेर गेलेला प्रत्येक जण हताश होऊन गेला, हा निष्कर्षही तितकाच चुकीचा. सहभागाचं प्रमाण, म्हणजे प्रौढांपैकी श्रमशक्तीत असलेल्यांचा वाटा, २००७ च्या अखेरीस ६६ टक्के होतं, सप्टेंबर २०१५ मध्ये ६२.४ वर आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी याच वर्षांत साठी ओलांडत होती. राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने जुलै २०१४ मध्ये तोवरच्या घसरणीची फोड केली. तिच्या हिशोबाने निम्मी घसरण वयामुळे, सुमारे सहावा हिस्सा मंदीमुळे आणि उरलेला तिसरा हिस्सा इतर कारणांनी होता. या फोडीवर अर्थतज्ज्ञांत वाद आहेत, पण वयाचा वाटा मोठा होता याबद्दल फारसं दुमत नाही.

दोन महिने, ज्यांच्यामुळे आरोप पेटले

५ ऑक्टोबर २०१२. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीला महिना उरलेला. सप्टेंबरचा दर ८.१ वरून ७.८ वर आला. जनरल इलेक्ट्रिकचे माजी प्रमुख जॅक वेल्श यांनी ट्विटरवर थेट आरोप केला की निवडणुकीसाठी आकडा बदलला. संशयाला खाद्य होतंच. कुटुंबांच्या सर्वेक्षणात एका महिन्यात ८,७३,००० जण कामाला लागलेले दिसत होते, तर आस्थापनांच्या सर्वेक्षणात फक्त १,१४,००० नोकऱ्या वाढल्या होत्या.

ही दोन वेगळी सर्वेक्षणं आहेत, हे इथे समजून घ्यावं लागतं. आस्थापनांचं सर्वेक्षण पगारपटावरच्या नोकऱ्या मोजतं. एक माणूस दोन ठिकाणी कामाला असेल तर दोन नोकऱ्या. त्यात स्वतःचा धंदा करणारे नाहीत, शेतीकाम नाही, घरकाम करणारे नाहीत. नमुना प्रचंड असल्याने महिन्याच्या बदलातली नमुना-त्रुटी (सगळ्यांऐवजी नमुन्यालाच विचारल्याने येणारी चूक) त्या काळी अधिक-उणे सुमारे एक लाख होती. कुटुंबांच्या सर्वेक्षणातल्या रोजगाराच्या बदलाची त्रुटी अधिक-उणे चार लाखांहून जास्त. म्हणजे ८,७३,००० हा आकडा मुळातच डळमळीत होता, आणि तो अक्षरशः खरा मानण्याचं कारण विभागालाही नव्हतं. त्याच अहवालात एक तपशील होता जो आरोप करणाऱ्यांनी वाचला नाही: नाइलाजाने अर्धवेळ काम करणाऱ्यांची संख्या त्याच महिन्यात ८० लाखांवरून ८६ लाखांवर गेली होती. आकडा सजवणाऱ्याने हा तपशील आधी झाकला असता.

पुढच्या वर्षी एका वृत्तपत्राने आरोप केला की सेन्ससच्या फिलाडेल्फिया विभागात मुलाखती बनावट भरल्या गेल्या. वाणिज्य खात्याच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली आणि मे २०१४ च्या अहवालात सांगितलं की पद्धतशीर बनवाबनवीचा पुरावा नाही. त्यातला एक हिशोब लक्षात ठेवण्याजोगा आहे. दर ८.१ वरून ७.८ करायला किमान ७८ क्षेत्र-कर्मचाऱ्यांनी संगनमत करून आपल्या नमुन्यातला प्रत्येक बेरोजगार माणूस कामावर किंवा श्रमशक्तीबाहेर दाखवावा लागला असता. एवढ्या लोकांचं गुपित, दर महिन्याला, आणि तीच कुटुंबं पुढच्या महिन्यात दुसऱ्यांदा उत्तरं देणार आहेत हे माहीत असताना. हे काम किती अवघड आहे ते सर्वेक्षणाच्या मैदानात राबलेल्या कुणालाही विचारा.

दुसरा महिना जास्त बोलका आहे: डिसेंबर २०१३. दर ७.० वरून ६.७ वर आला. बेरोजगार ४,९०,००० ने कमी झाले. पण रोजगारातले वाढले फक्त १,४३,०००, आणि उरलेले ३,४७,००० श्रमशक्तीतूनच वजा झाले. आस्थापनांकडे नोकऱ्या वाढल्या ७४,०००. वर हजार माणसांचं जे उदाहरण दिलं, त्यातला पहिला प्रकार इथे बऱ्याच अंशी घडला. या महिन्याबद्दल 'दर उतरला पण चांगल्या कारणाने नाही' हे म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि ते म्हणण्यासाठी लागणारा प्रत्येक आकडा सरकारी अहवालाच्या पहिल्या तक्त्यात होता.

जिथे जाणकारही घसरतात

जानेवारीचे आकडे. दर जानेवारीत विभाग लोकसंख्येचा नवा अंदाज वापरात आणतो, पण मागचे महिने त्यानुसार बदलत नाही. जानेवारी २०१२ मध्ये २०१० च्या जनगणनेमुळे प्रौढ लोकसंख्या १५ लाखांनी वाढवून धरली गेली आणि त्यातले साडेबारा लाख 'श्रमशक्तीबाहेर' खान्यात पडले. लगेच बोंब उठली की एका महिन्यात बारा लाख लोकांनी काम शोधणं सोडलं. कुणी काहीच सोडलं नव्हतं. वहीचं नवं पान उघडलं गेलं होतं. डिसेंबर आणि जानेवारीच्या आकड्यांची थेट वजाबाकी करायची नाही. अहवालात वेगळी टीप आणि वेगळा तक्ता असतो, तो आधी वाचायचा.

हंगामी समायोजन, म्हणजे दरवर्षी ठरलेल्या वेळी होणारे चढउतार आकड्यातून काढून टाकणं. सणासुदीची भरती संपल्यावर जानेवारीत अमेरिकेतल्या पगारपटावरून दरवर्षी २५ लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त नोकऱ्या खरोखर उडतात. समायोजित आकड्यात त्याच महिन्यात वाढ दिसू शकते, कारण नेहमीपेक्षा कमी उडाल्या. ज्याची नोकरी जानेवारीत गेली त्याला हे कितीही समजावलं तरी थट्टाच वाटणार, आणि त्याला दोष देता येत नाही. तरीही समायोजन न केलेला दर महिन्या-महिन्याने ताडून बघणं निरर्थक आहे. तो बघायचाच असेल तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा.

एका महिन्यात दर ०.१ ने हलला तर ते काहीच नाही. दराच्या मासिक बदलाची त्रुटी अधिक-उणे ०.२ आहे. वर्तमानपत्रं ०.१ वर मथळे करतात, ते तुम्ही मनावर घेऊ नका.

सुधारित आकडे: खोटेपणाची कबुली की काम?

आस्थापनांचा आकडा पहिल्यांदा छापतात तेव्हा सगळ्या कंपन्यांची उत्तरं आलेली नसतात. पुढच्या दोन महिन्यांत तो दोनदा सुधारतात. मग वर्षातून एकदा बेकारी विम्याच्या कर-नोंदींशी ताळा जुळवतात, आणि त्या नोंदी जवळपास सगळ्या मालकांच्या असतात. नवीन उघडलेल्या आणि बंद पडलेल्या धंद्यांचा अंदाज मधल्या काळात एका प्रारूपावरून घेतात, कारण काल सुरू झालेलं दुकान नमुन्यात असू शकत नाही आणि बंद पडलेलं दुकान उत्तर पाठवत नाही.

या प्रारूपाची दुखरी बाजू म्हणजे अर्थव्यवस्था वळण घेत असते तेव्हाच ते जास्त चुकतं. मागच्या काळाची सवय पुढे ओढली जाते. मार्च २००९ च्या पगारपटाचा ताळा जुळवला तेव्हा ९,०२,००० नोकऱ्या जास्त मोजल्याचं निघालं. म्हणजे कोसळताना नुकसान कमी दिसलं. सावरताना उलट होऊ शकतं. सप्टेंबर २०१२ च्या त्याच वादग्रस्त अहवालात जुलै आणि ऑगस्टचे आकडे मिळून ८६,००० ने वर गेले होते. चूक दोन्ही दिशांना होते, सरकार कुणाचंही असो.

तरी ऑगस्ट २०२५ मध्ये काय झालं ते बघा. मे आणि जूनचे आकडे मिळून २,५८,००० ने खाली आले, आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी विभागाच्या आयुक्त एरिका मॅकेंटार्फर यांना पदावरून काढलं. आरोप तोच, आकडे फिरवल्याचा. याच नेत्याने २०१५ मध्ये प्रचारात खरी बेरोजगारी ४२ टक्के असू शकते असं सांगितलं होतं. मार्च २०१७ मध्ये दर ४.७ आला तेव्हा त्यांच्याच प्रवक्त्याने हसत सांगितलं की पूर्वी आकडे बनावट असतील, आता ते अगदी खरे आहेत. दरम्यान पद्धत तीच होती. सर्वेक्षणाला अशा वागण्याने होणारी इजा प्रारूपातल्या चुकीपेक्षा खोल असते, कारण उद्या कुणाच्या दारात मुलाखतकार गेला तर ते दार उघडलं पाहिजे. कुटुंबांच्या सर्वेक्षणाला २०१० च्या सुमारास ९० टक्क्यांच्या आसपास प्रतिसाद होता. तो आता ७० च्या खाली आला आहे. आजच्या घडीला या आकड्याबद्दल सर्वांत गंभीर चिंता करायची तर ती याची करावी.

संशय रास्त होता, अशीही उदाहरणं

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात बेरोजगारीचा मुख्य आकडा सर्वेक्षणातून येत नव्हता, भत्त्याच्या नोंदींतून येत होता. १९८२ मध्ये नोंदणी केलेल्यांऐवजी भत्ता घेणारेच मोजायला सुरुवात झाली. १९८३ मध्ये साठीच्या पुढच्या पुरुषांना हजेरी लावण्याची गरज उरली नाही, आणि दीड लाखांहून अधिक जण मोजणीतून बाहेर पडले. भत्त्याच्या आणि मोजणीच्या नियमांत असे सुमारे ३० बदल झाले, आणि त्यांतल्या बहुतेकांनी आकडा खालीच आणला. इथे लोकांचा अविश्वास पूर्ण योग्य होता. शेवटी १९९८ पासून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येवर आधारलेलं सर्वेक्षण मुख्य आकडा म्हणून पुढे आलं. प्रशासकीय नोंदीवर उभा असलेला आकडा नियम बदलून हलवता येतो, सर्वेक्षणावर उभा असलेला तसा हलवता येत नाही, हा यातला फरक.

भारतात २०१७-१८ च्या आवधिक श्रमशक्ती सर्वेक्षणाचा अहवाल तयार असूनही प्रसिद्ध होत नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. अहवाल निवडणुकीनंतर, मे २०१९ च्या अखेरीस आला, त्यात दर ६.१ टक्के होता. आकड्यात फेरफार नव्हता, पण रोखून ठेवणं हे संशय निर्माण करायला पुरेसं असतं. भारताच्या आकड्यांबद्दल आणखी एक सावधगिरी: इथे घरच्या धंद्यात किंवा शेतात बिनपगारी हातभार लावणारेही रोजगारात धरले जातात, आणि अमेरिकेसारखी १५ तासांची अट नाही. १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा सहभाग २०१७-१८ मधल्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ वर गेला, तो वाचताना स्वयंरोजगार आणि बिनपगारी मदतनीस यांचा तक्ता शेजारी उघडा ठेवा. 'नेहमीची स्थिती' (मागच्या वर्षभराची) आणि 'चालू साप्ताहिक स्थिती' (मागच्या सात दिवसांची) ही दोन वेगळी मापं आहेत. एप्रिल २०२५ पासूनचे मासिक आकडे दुसऱ्या मापाचे आहेत, त्यांची पहिल्या मापाच्या जुन्या वार्षिक आकड्यांशी तुलना करू नका.

'खरा दर २३ टक्के' हे कुठून येतं

बीएलएस दरमहा एक नव्हे, सहा दर छापतं, यू-१ ते यू-६. मथळ्यातला दर यू-३. यू-६ मध्ये गेल्या वर्षभरात शोधलं पण चार आठवड्यांत नाही असे लोक आणि नाइलाजाने अर्धवेळ काम करणारे जोडलेले असतात. भाजकातही त्यातले शोध थांबवलेले धरतात. मंदीच्या तळाला तो १७ टक्क्यांच्या वर होता, डिसेंबर २०१३ मध्ये १३.१. "खरी बेरोजगारी लपवतात" म्हणणारे बहुतेक जण हाच सरकारी आकडा पुढे करतात, यातली गंमत त्यांच्या लक्षात येत नाही. दुसरं असं की यू-३ आणि यू-६ बरोबरीने चढतात आणि उतरतात. पातळीबद्दल वाद घाला, दिशेबद्दल यू-६ वेगळं काही सांगत नाही.

२३ टक्क्यांसारखे खासगी आकडे याच्याही पुढे जातात. १९९४ मध्ये सर्वेक्षणाची प्रश्नावली बदलली तेव्हा 'हताश' (काम मिळणारच नाही असं वाटून शोध सोडलेला) ठरण्यासाठी गेल्या वर्षभरात एकदा तरी शोधलेलं असण्याची अट आली. त्याआधी ती नव्हती. खासगी हिशोब करणारे ते जुने हताश आपल्या अंदाजाने परत जोडतात. अडचण अशी की १९९४ च्या आधीही हताश कामगार मुख्य दरात धरले जात नव्हतेच, आणि ज्याने वर्षभर काहीच शोधलं नाही तो हताश आहे की संसारात, शिक्षणात, आजारपणात गुंतलेला, हे विचारल्याशिवाय कळत नाही. त्यांनी ते विचारलेलं नसतं. ४० टक्क्यांच्या पुढचे आकडे तर निवृत्त आजी-आजोबा आणि कॉलेजातली मुलं बेरोजगार धरूनच निघतात.

पुढच्या वेळी आकडा आला की

मथळा सोडा आणि अहवालाचा ए-१ तक्ता उघडा. बेरोजगार किती कमी झाले आणि रोजगारातले किती वाढले, या दोन आकड्यांची वजाबाकी करा. मोठी तफावत असेल तर ती श्रमशक्तीतून गळती आहे, किंवा महिना जानेवारीचा आहे. मग २५ ते ५४ वयोगटाचं रोजगाराचं प्रमाण बघा, तेही तीन महिन्यांची सरासरी काढून. अर्धवेळ काम कशामुळे ते ए-८ मध्ये आहे, किती आठवडे बेकार ते ए-१२ मध्ये, सहाही दर ए-१५ मध्ये. पगारपटाचा आकडा बघताना या महिन्याच्या आकड्यापेक्षा मागच्या दोन महिन्यांची सुधारणा कोणत्या दिशेला झाली ते आधी टिपून घ्या. सलग चार-पाच महिने सुधारणा एकाच दिशेला जात असेल तर अर्थव्यवस्था वळतेय आणि प्रारूप मागे पडलंय, असं समजायला हरकत नाही.

आणि खोटेपणा ओळखायचाच असेल तर आकडा सोयीचा आहे का, हे बघू नका. व्याख्या बदलली आणि जुनी मालिका नव्या व्याख्येने पुन्हा काढून दिली नाही, ठरलेली तारीख चुकली, एखादा तक्ता गुपचूप बंद झाला, नमुना-त्रुटी छापणं थांबलं, तर सावध व्हा. मे २०२० साठी बीएलएसने १३.३ टक्के दर छापला आणि त्याच अहवालात स्वतःच लिहिलं की टाळेबंदीत घरी बसलेल्या अनेकांना मुलाखतकारांनी 'कामावर, पण गैरहजर' असं चुकून नोंदवलं आहे, ते बरोबर नोंदवले असते तर दर सुमारे तीन टक्क्यांनी जास्त आला असता. नोंदलेली उत्तरं मागाहून बदलायची नाहीत या नियमामुळे मूळ आकडा तसाच ठेवला. दर फुगवायला किंवा दाबायला बसलेला माणूस स्वतःच्या अहवालात ही टीप घालत नाही.